दोष बॅफलचा नव्हता

तिसरा बॅफल बसवला, तरी फटाके थांबेनात. अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फट-फट. बाजूचा चहावाला प्रत्येक वेळी वळून बघायचा.

गाडी प्रज्ञाची. ती नेहरू नगरला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. साडेतीनशे सीसीची जुनी गाडी तिच्या बाबांची, पण काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हापासून ती चालवते आणि बाबा मागे बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नागपूरला निघणार होती, बाबांच्या आजारी भावाला भेटायला. पोलिसांनी आवाजासाठी दोनदा अडवलं होतं.

"भैया, आवाज कम चाहिए, पण पिकअप गेला नाही पाहिजे," ती म्हणाली.

कोहक्यात माझं वर्कशॉप आहे. सायलेन्सरचं काम वीस वर्षं करतोय. बॅफल म्हणजे सायलेन्सरच्या आत बसणारी भोकांची नळी. धूर त्यातून अडखळत जातो, म्हणून आवाज मरतो. फार मोकळा बॅफल लावला तर आवाज मोठा आणि चढावर गाडी ढिली. फार कोंबलेला लावला तर इंजिन गुदमरतं. मधलं काहीतरी शोधायचं असतं. माझ्याकडे तीन होते. तिन्ही लावले. कार्बोरेटरही सेट केला. फटाके तसेच.

"चौथा मागवतो," मी म्हणालो. "दुर्गहून संध्याकाळपर्यंत येईल."

स्टुलावर बसलेले प्रज्ञाचे बाबा, माझ्यासाठी काका, तेव्हा पहिल्यांदा बोलले. "चौथ्यानं का होते? गळती समोर आहे."

काका स्टील प्लांटच्या ब्लोअर हाउसमधून रिटायर झालेले. तिथली मोठमोठी यंत्रं भट्टीला हवा पुरवतात.

"काका, सगळं टाइट आहे. मी पाहिलं."

"तू पायलं, मी आयकून राहिलो. हातभर रबरी नळी दे."

मी दिली. तिचं एक टोक त्यांनी कानात धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "फिरव. मागून पुढे. हळू."

इंजिन चालू होतं. सायलेन्सर झाला, बेंड पाइप झाला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नळीचं टोक इंजिनच्या हेडपाशी, बेंड पाइप जोडतो तिथं गेलं आणि काकांनी हात वर केला.

"थांब. इथंच. डावा नट."

"डावाच कशावरून?"

"उजवीकडं ने, चुप होते. डावीकडं आण, फिसफिसते. तूच आयक."

मी नळी कानाला लावली. बारीक, तुटक फिस-फिस. इतका वेळ गाडीशेजारी उभा होतो मी!

इंजिन गार झाल्यावर उघडलं. जोडातलं गॅस्केट डाव्या बाजूला जळून गेलेलं, आणि नट ज्यावर बसतो त्या स्टडचे आटे झिजलेले. पान्याला नट टाइट वाटत होता, पण धरत नव्हता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटायचं. हायवेवर तो स्टड निघाला असता तर पाइप लोंबकळला असता, मागे काका बसलेले असताना.

स्टड आणि गॅस्केट नवीन घातलं. फटाके बंद. मग तेच तीन बॅफल पुन्हा लावले. काका मान खाली घालून ऐकत होते. "हा वरडते." दुसऱ्यावर, "हा दबते." तिसऱ्याला ते थोडं हसले. "याचा श्वास मोकळा आहे. हाच ठेव."

माझं समाधान होईना. प्रज्ञाला काकांसकट पुलाच्या चढावर पाठवलं. आली तेव्हा म्हणाली, "मस्त खेचते." स्पार्क प्लग काढून पाहिला, बदामी रंगाचा. इंजिन बरोबर जळत असलं की तोच रंग येतो. काकांना प्लग पाहायची गरजच नव्हती.

"काका, हे शिकलात कुठं?"

"शिकवलं कोणी नाही. ड्युटीच तशी होती बाप्पा. यंत्र बिघडायच्या आधी सांगते. आपण आयकलं पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञाचा नागपूरहून फोन आला. दोघं पोचली, कोणी अडवलं नाही, काका भावाशेजारी बसून बोलताहेत.

बॅफल निवडणं तसं सोपं काम आहे. दोष बॅफलचाच आहे का, हे आधी बघायचं असतं, आणि ते माझं वीस वर्षं राहून गेलं होतं.