मैदानावरची कर्णधार

गंगापूर रोडच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जातो, तेव्हा ती बास्केटबॉल खेळत असायची. राज्याच्या संघाची कर्णधार, चांगली सहा फूट उंच. नेम चुकला की स्वतःच्याच डोक्यात टपली मारून हसायची. नाव मी कधी विचारलं नाही.

परवा बीपी दाखवायला गेलो, तर दवाखान्यात ती आईबरोबर बसलेली. संघाच्या सराव शिबिराआधीच्या तपासणीत तिच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला होता. डॉक्टरांनी खेळणं कायमचं बंद करायला सांगितलं होतं. हे सगळं तिची आईच मला सांगत होती.

"काका, दुखत असतं तर पटलं असतं," ती म्हणाली. "मला काहीच होत नाहीये हो!"

मग दोघी निघाल्या. जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबून छातीवर हात ठेवून ठोके बघत होती.