थंड केलेलं पीठ

सोनईत तेलाच्या इंजिनावरची गिरणी आली तेव्हा ती चालवायला मी होतो. लढाईचे दिवस. इंजिनाचं तेल परवान्यावर मिळे, मिळेल तितके दिवस पट्टा फिरे. पंचविशीतला मी, त्या इंजिनाची ताकद मला माझीच वाटायची. आता पन्नाशी आली. आता सांगतोय ते मी घरातही कधी बोललो नाही.

गावात एक विधवा बाई होती, सगळे तिला मावशी म्हणत. लोकांचं दळण जात्यावर दळून ती पोट भरायची. गिरणी आल्यावर तिची एकेक करून घरं सुटली. उरलं एकच, पाटलांचं. पाटलीणबाईंना गिरणीचं पीठ चालत नसे. जळकं लागतं म्हणायच्या.

एका दुपारी गिरणीवर कुणी नसताना मावशी बाजरीची पाटी घेऊन आली. तिचा उजवा खांदा वर होत नव्हता.

"लेका, पाटलाचं एवढं दळून दे. हात ऱ्हायला माजा. कुनाला बोलू नगंस."

"न्हाई बोलत, मावशी."

गिरणीचं पीठ हाताला चटका देई. ती ते गिरणीच्याच मागच्या पडवीत जुन्या लुगड्यावर पसरायची, बोटांनी परतत बसायची आणि पार निवलं की पाटीत भरून पाटलांकडे पोचवायची. दोन महिने असं चाललं.

मग एका बाजारच्या दिवशी गिरणीवर ही गर्दी. देवळातून परतताना पाटलीणबाई थांबल्या आणि दळणाला आलेल्या बायकांना म्हणाल्या, "हे पीठ खाता व्हय गं? भाकरी फुगत न्हाई याची. माज्याकडं या, मावशीच्या जात्याची भाकर खाऊन बघा."

"तर काय!" एक बाई फिसकन हसली. "विंजिनाच्या हातात बांगड्या न्हाईत, चव कुठून यावी?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. कारण म्हणाल तर एवढंच. याहून मोठं काही असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

"दोन म्हयने तुमी ह्याच इंजिनाचं खाताय," मी म्हणालो. "इचारा मावशीला."

पाटलीणबाई तडक निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाटलांचा गडी दळण घेऊन थेट गिरणीवर आला. ते तसंच ठेवून मी पाटलांच्या घरी गेलो. म्हटलं, तिचा खांदा गेलाय, रागावू नका, तिचं काम तोडू नका.

पाटलीणबाई शेंगा निवडत होत्या. "राग कशाचा? पोटासाठी केलं तिनं. पर निवल्यावर त्येच लागतंय म्हनल्यावर मधी ती कशाला?"

हेच त्यांना पटावं म्हणून तर मी बोललो होतो.

थोड्याच दिवसांत मावशी शेवगावकडे बहिणीच्या गावी निघाली. गिरणीवरून जाताना दिसली तेव्हा मी पट्टा उतरवून बाहेर आलो.

"मावशी, चुकलं माजं."

"तू कुठं खोटं बोललास? दोन म्हयने मीच बोलत हुते." तिनं बोचकं डाव्या हातात घेतलं. "बहिनीच्या गावात गिरनी आली न्हाई म्हनं अजून. पर आता हात कुठनं आनू?"

आतून कुणीतरी ओरडलं, "आरं, दळतोस का जाऊ?"

मी आत गेलो आणि पट्टा चढवला. ती वळणाआड होईपर्यंतही थांबलो नाही.