जर्मनीला जाणारं पीठ

यान्या विशीत यासेन्ये गावात सून म्हणून आली आणि पंचाहत्तरी उलटली तरी सूनबाईच राहिली. साव्हा नदीकाठच्या त्या गावांमध्ये रीतच तशी आहे. बाहेरून लग्न होऊन आलेली बाई मरेपर्यंत सूनबाई. तिची सासू गेली, नवरा गेला, तिला पहिल्यांदा सूनबाई म्हणणाऱ्यांच्या कवळ्याही झिजल्या, पण गावानं काही तिला बढती दिली नाही.

तिचा बाप डोंगराकडचा. त्याला नवरदेव शिमोच्या घराची जमीन दिसली, बैल दिसले, दुखणं दिसलं नाही. गावातल्या माणसानं त्या घरात मुलगी दिली नसती. शेजारची मांदा तर हळद-मेंदीसुद्धा उतरली नसेल अशा नव्या नवरीच्या तोंडावर म्हणाली होती, "तुझ्या बापानं तुला विहिरीत ढकललंय, पोरी. आता पोहायला शीक." आता तिकडे हळद आणि मेंदी कुठली, हे मी आपलं आपल्या सवयीनं म्हटलं, पण मांदा बोलली ते शब्द तेच.

त्या दुखण्याला गाव 'घराचं दुखणं' म्हणायचं. आधी माणूस फिका पडायचा. तळहात तांबूस पिवळे व्हायचे, तोंड कडू पडायचं, कुदळ उचलवेनाशी व्हायची. मग एखाद्या सकाळी लघवीतून रक्त गेलं की घरातली माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देत नसत. कुणाची मूत्रपिंडं आटून जायची, कुणाच्या मूत्रमार्गात गाठ यायची. एका घरातून लागोपाठ तीन मयती उठायच्या आणि शेजारच्या घरात आजोबा नव्वदीत लाकडं फोडायचे. शहरातून शहाणे येत राहिले. कुणी विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला, कुणी धान्यावरच्या बुरशीवर, कुणी जमिनीखालच्या कोळशावर. यासेन्येच्या लोकांनी जन्मात जेवढी आलुबुखाराची दारू गाळली नसेल तेवढं रक्त बाटल्यांमधून काढून दिलं. पण गावाचा निकाल केव्हाच लागलेला होता. शिमोच्या घराचं रक्तच नासकं आहे, झालं.

यान्याची सासू सात गावं पलीकडून आलेली. शिमोच्या घराशी तिचं काडीचंही रक्ताचं नातं नव्हतं. तीसुद्धा त्याच दुखण्यानं गेली. तिच्या अंगात हे रक्त कुठून शिरलं, हा प्रश्न गावातल्या एकाही दीडशहाण्याला पडला नाही. "नवऱ्याची सोबत केली हो," म्हणाले आणि पुरून आले. माझा संताप होतो तो इथे. उत्तर डोळ्यांसमोर शवपेटीत निजलेलं होतं आणि लोक त्यावर माती लोटत होते.

पन्नाशीच्या आत शिमो आजारी पडला. यान्यानं जिवाचं रान केलं. विहीर बंद करून चर्चजवळच्या नळाचं पाणी डोक्यावरून आणलं, ते उकळलं, बुरशीच्या धाकानं धान्याची कोठी चुन्यानं रंगवली, कोळशाची शेगडी विकून टाकली. शिमोला जेवण जाईना, तेव्हा ती घरच्या पावाचा गाभा दुधात कुस्करून त्याला चमच्यानं भरवायची. तेवढं एक त्याच्या पोटात टिकायचं. जाण्याआधी तो एवढंच म्हणाला, "पोरीला इथून घालव."

पोर म्हणजे कातित्सा, एकुलती एक, एकोणीस वर्षांची. तिला घर सोडायचं नव्हतं. यान्यानं तिची पेटी अंगणात नेऊन ठेवली आणि दाराला आतून कडी घातली. नासकं रक्त अंगात घेऊन माणूस कुठेही गेला तरी ते सोबत जाणारच, हे काही तिला कळत नव्हतं असं नाही. पण मरणाऱ्याचा शब्द होता. कातित्सा रडत श्टुटगार्टला मावशीकडे गेली आणि एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली.

तिथून तिचा पहिला फोन आला तो पावाचा. "आई, इथला पाव आंबट लागतो गं. घशाखाली उतरत नाही." यान्याला दुसरं काय हवं होतं? शुक्रवारी गावावरून जर्मनीला बस जायची. तिकडे कामाला गेलेल्यांच्या आया त्या बसमधून मटणाचे सुके तुकडे, मुरंबे, लोणची असं काय काय पाठवायच्या. यान्यानं पीठ पाठवलं. स्वतःच्या शेतातल्या गव्हाचं. नदीकडच्या तुकड्यात ती घरचंच बी पेरायची, औषध फवारायची नाही. गावातल्या बाकीच्यांनी फवारे घेतले, पेरायला विकतचं बियाणं आणलं, पुढे तर पावसुद्धा विकतचा आणायला लागले. यान्या त्यांच्या नाकावर टिच्चून घरचं दळत राहिली. कातित्सापुढे आपलं पीठ चोख असायला हवं, हा तिचा हट्ट होता आणि अभिमानही.

बसचा ड्रायव्हर ज्युका मोठा बोलघेवडा. पिशवी ठेवून घेताना म्हणायचा, "सूनबाई, सीमेवरचे शिपाई एक दिवस मला पांढरी पूड नेतो म्हणून आत टाकतील."

"टाकू देत. त्यांना एक पाव भाजून घाल, स्वतः दार उघडून सोडतील."

कातित्साचं लग्न झालं, पेत्रा झाली. पेत्राची पहिली खीर याच पिठाची. दात येताना चावायला दिलेले कडक तुकडे याच पिठाचे. सुट्टीत आलेली ती टपोरी नात बघून मांदासुद्धा म्हणाली, "सूनबाई, तुझं पीठ पोरीला मानवलंय हो."

मग यंदाच्या उन्हाळ्यात कातित्सा महिनाभर माहेरी आली आणि एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येऊन आईकडे न बघता टेबलाशी बसून राहिली. यान्यानं विचारलंच नाही. तिला ते बसणं ओळखीचं होतं.

झाग्रेबच्या मोठ्या इस्पितळात कातित्साचं एक मूत्रपिंड काढलं, त्याखालची नळी काढली. गाठ कुठल्याशा प्रयोगशाळेत गेली. यान्या रोज खाटेजवळ बसायची आणि मनातल्या मनात शिमोला म्हणायची, घालवली होती रे मी तिला, तरी रक्त पोचलंच. नातीचं दुःख तर आणखी वेगळं होतं. पेत्राचं लग्न झालं होतं आणि ती मूल नको म्हणत होती. हे रक्त पुढे कशाला न्यायचं, असं तिनं आईला स्पष्ट सांगितलं होतं.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टर नीव्हेस यान्याला कॉरिडॉरमध्ये भेटली. चाळिशीची, चापून केस बांधलेली बाई. तिचा चेहरा खुलला होता.

"काकू, कातित्साला मी सकाळीच सांगितलंय. तुम्हीही ऐका. हे तुमच्या घराण्याच्या रक्तातलं नाही."

यान्यानं विचारलं, "मग कशातलं?"

"गाठीतल्या जनुकांवर ओरखडे असतात. तंबाखूचे वेगळे, कडक उन्हाचे वेगळे. प्रत्येक विष आपापल्या तऱ्हेनं ओरखडतं. कातित्साच्या गाठीत जे ओरखडे आहेत, ते एकाच जातीच्या झाडांचं विष उठवतं. तुमच्याकडे ते झाड आहे." तिनं फोनवर चित्र दाखवलं. बदामाच्या आकाराची पानं, पिवळी लांबट फुलं.

"हे तर लांडगेपाऊल," यान्या म्हणाली. "माझ्या शेताच्या खालच्या कडेला हे माजलंय. घाण वास येतो. गाढवसुद्धा तोंड लावत नाही त्याला."

"गाढव लावत नाही, काकू. म्हणून कुणी उपटतही नाही. ते गव्हात वाढतं, गव्हाबरोबर कापलं जातं, त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जातं. झाड शेतातच कुजलं तर विष मातीत उतरतं, तिथून गव्हाच्या मुळांतही जातं असं दिसतंय. दळलं की दिसत नाही आणि भाजून मरत नाही."

"पण मी खाल्लंय की. आयुष्यभर."

"सगळ्यांनाच होत नाही. काहींचं शरीर सोसतं, काहींचं नाही. असं का, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. आणि व्हायला वीस-तीस वर्षं लागतात." डॉक्टरनं फोन खिशात टाकला. "आम्ही तुमच्या गावच्या शाळेत सभा घेतली होती. सगळं सांगितलं होतं."

ती सभा यान्याला आठवत होती. ती गेली नव्हती. रक्त, रक्त ऐकून तिचे कान किटले होते. मांदा जाऊन आली आणि कुंपणावरून म्हणाली, "आता म्हणे पावात विष. उद्या म्हणतील आईच्या दुधात आहे." त्यावर यान्या हसली होती. पोट धरून हसली होती, आणि आत जाऊन कणीक मळायला बसली होती.

"काळजी करू नका," डॉक्टर म्हणाली. "कातित्सानं लहानपणी खाल्लं ते भोवलं. तरी वेळेत बाहेर पडली. तिची मुलगी तर जर्मनीतच जन्मली, ती सुटलीच."

'ती सुटलीच' एवढं म्हणून डॉक्टर पुढच्या खोलीकडे निघूनही गेली. यान्या बाकावर टेकली. दुधात कुस्करलेला गाभा, शिमोचं उघडलेलं तोंड, चमचा. पुरे म्हणून तो मान फिरवायचा आणि ती म्हणायची, एवढा एक घास, माझ्यासाठी. सासूला भरवलं तेही तिनंच. पाणी उकळलं, कोठी रंगवली, शेगडी विकली. ज्याला हात लावायला हवा होता त्या पिठालाच तेवढा हात लावला नाही. आणि पेत्रा सुटलीच म्हणे. कुठून सुटली? दर शुक्रवारी, पिशवीचं तोंड शिवून, वर नाव घालून ते तिच्या दारात पोचवलं होतं.

तिथं बसल्या बसल्या यान्याला एक गोष्ट लख्ख दिसली. कुणालाच शंका आलेली नव्हती. डॉक्टरला पिशव्या माहीत नव्हत्या. आनंदाच्या भरात कातित्साला त्या आठवल्या नव्हत्या. यान्या गप्प बसली तर तिला कुणी काही विचारणार नव्हतं. असा विचार मनात येऊन गेला याचीच तिला शिसारी आली. ती उठली.

खोलीत कातित्सा उशीला टेकून बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या गालांवर रंग दिसत होता.

"ऐकलंस ना, आई? रक्त नाही. बाबांचं नाही, माझं नाही. मी सकाळीच पेत्राला फोन केला. ती एवढी रडली, एवढी रडली, आणि मग काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आजीला सांग, पाळणा माळ्यावरून खाली काढ."

"कातित्सा, तिला बोलावून घे. तिचीही तपासणी करू."

"तिची कशाला? तुला डॉक्टरनं सांगितलं नाही का नीट? हे गावच्या पिठातनं आलं."

"पीठ मी पाठवत होते गं."

कातित्सा आधी हसलीच. "तू तर चाळून पाठवायचीस."

"ते बी दळलेलं असतं. चाळणीत काय राहणार?"

कातित्साचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आता ते कुणाचं नव्हतं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "तू माझी पेटी अंगणात टाकलीस. दार लावून घेतलंस. मी पायरीवर बसून हाका मारत होते, तू उघडलं नाहीस. ते कशासाठी होतं, आई? मला बाहेर काढलंस आणि ते माझ्यामागं पाठवत बसलीस?"

माहीत नव्हतं, हे यान्याच्या ओठांवर आलं होतं, पण सभेच्या दिवशीचं हसू आठवलं आणि ते तिनं गिळलं.

"मीच तिला भरवलं," कातित्सा म्हणाली. "इथलं नको, आजीकडचं खा, असं म्हणून भरवलं." तिनं उशाचा फोन घेतला, नंबर लावला आणि आईच्या हातात दिला. "तू सांग. सकाळी मी तिला हसवलंय. आता हे माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"आजी?" पेत्राचा आवाज आला. मागं भांड्यांचा आवाज होता. "पाळणा काढलास का?"

यान्यानं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, रडली नाही. लांडगेपाऊल सांगितलं, गहू सांगितला, पिशव्या सांगितल्या. सभा झाली होती आणि आपण गेलो नाही, उलट हसलो, हेही सांगितलं. घरात जे पीठ असेल ते आधी टाकून दे म्हणाली, पाखरांनाही घालू नकोस, आणि पहिल्या गाडीनं इथं ये, डॉक्टर बाई चांगली आहे.

पलीकडे भांडी थांबली होती. पेत्रानं दोष दिला नाही, विचारलं फक्त.

"आणि तू गं, आजी? तू तर रोज खातेस. तुझं काय?"

यान्या खाटेच्या कडेवर बसली. कातित्सा भिंतीकडे तोंड करून निजली होती. सासू, नवरा, मुलगी, आणि आता नातीचं काय निघणार ते देव जाणे. त्या सगळ्यांनी खाल्लं त्याच्यापेक्षा जास्त तिनं खाल्लं होतं.

"मला काही नाही झालेलं, पोरी," ती म्हणाली, आणि धडधाकट असल्याची तिला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.