अक्कांची दहा मिनिटं

अकरा जुलै, शनिवार. काम एकच – घरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ वेळेवर आणणं.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कारण सापडलं नाही म्हणजे नीट शोधलेलं नाही, एवढंच मला कळतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे हिशोब मी बघते, निम्मं काम घरून.

आम्ही सर्जापूर रोडला राहतो. मी, मिस्टर आणि सासरे – अण्णा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्या फेब्रुवारीत गेल्या. घरातली सगळी घड्याळं त्या दहा मिनिटं पुढे ठेवायच्या... इथल्या ट्रॅफिकमध्ये तेवढी हाताशी असावीत म्हणून. त्या गेल्यावर मी सगळी बरोबर लावली. रोज वजाबाकी कोण करत बसणार?

महिनाभराने कॉम्प्युटर दहा मिनिटं पुढे गेला. त्याला तर अक्कांनी कधी हातही लावला नव्हता. इंटरनेटवरून सिंक केलं – 'यशस्वी' म्हणायचा, आणि वेळ तीच! हाताने मागे घेतलं तरी लगेच परत पुढे. टाइम झोन तपासला, आतला सेल बदलला, विंडोज नव्याने टाकलं. दुरुस्तीवाला मंजुनाथ म्हणाला, "सेल गेला की घड्याळ मागं पडतं, मॅडम. हे पुढं का जातंय... गोत्तिल्ला, ठाऊक नाही."

माझी अडचण खरी होती. वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक असला की ऑफिसचं लॉगिन होत नाही; घरून करायचं कामही ऑफिसात जाऊन करावं लागायचं.

अण्णा मात्र खूश. अक्का गेल्यापासून खोलीबाहेर न येणारा माणूस आता दाढी करून, चहा घेऊन रोज सकाळी त्या स्क्रीनसमोर बसायचा.

"राहू दे गं सुनीता. स्वल्प पुढं आहे, बिघडलं काय?"

"माझं काम बिघडतं, अण्णा."

"तिलाही हेच सांगायचीस."

त्या शनिवारी जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख. लॉगिन पुन्हा नाकारलं गेलं. वैतागून, अक्कांशी बोलायचे त्याच आवाजात मी बोलून गेले – "अक्का, पुरे आता. मला काम आहे. सोडा ते घड्याळ!"

कुठलीही की न दाबता आकडे दहा मिनिटं मागे आले. मोबाइलशी ताडून पाहिलं... बरोबर. लॉगिन झालं.

मागे अण्णा उभे होते, हातात कप.

"गेली?"

"नेटवर्कचं काहीतरी असेल, अण्णा."

"माझं जन्मात ऐकलं नाही. तुझं लगेच ऐकलं." कप तिथेच ठेवून ते खोलीत गेले.

घड्याळ कसं सुधारलं ते राहू दे. पण मला खुपतं ते वेगळंच. कारखान्याचं ऑफिस शनिवारी उघडं असतं. कॅब करून गेले असते, तर रिटर्न तिथूनही भरता आलं असतं.

रविवारी सकाळी अण्णा उठायच्या आत मी सिंक बंद केलं आणि घड्याळ हाताने दहा मिनिटं पुढे लावलं. या वेळी ते मुकाट तसंच राहिलं. चहा करून त्यांना हाक मारली. ते आले, स्क्रीनकडे एकदाच पाहिलं.

"हे तू लावलंयस," म्हणाले, आणि चहा घेऊन परत गेले.

मी वेळ पुन्हा बरोबर केली.