बाटलीतलं पाणी

यंदा सासऱ्यांच्या श्राद्धाला माझ्याकडे एकच काम होतं, वाटेत न येणं. तरी पानांशेजारच्या पाण्याच्या तांब्याला माझा पाय लागलाच. सारवलेली ओसरी भिजल्याचा वास आला आणि कारगिलच्या वर्षीचा पितृपक्ष आठवला.

घोडेगावच्या याच ओसरीवर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पितरांची पानं वाढून झाल्यावर आणखी एक मांडलं.

"हे कुनाचं?" त्यांच्या थोरल्या भावाने विचारलं.

"एकाहत्तरच्या लढाईत मी जखमी पडल्तो. त्यांच्यातला एक जवान, त्योबी जखमी, सरपटत आला आन् आपली बाटली माझ्या तोंडाला लावली. उजाडलं तवा त्यो मेला हुता."

"दुश्मनाला पान? आपली पोरं आत्ताच तिकडं मेली. मी जेवनार न्हाई." थोरले पायात चपला घालू लागले. ते न जेवता गेले असते, तर भावाभावांचं बोलणंच तुटलं असतं.

मामांनी वाद घातला नाही. पान उचललं. "बरं, पान नगं. नुसतं पानी ठिवतो. त्यानं मला पानीच दिल्तं."

थोरले चपला काढून पंगतीत बसले. तेव्हापासून दर वर्षी पानांशेजारी तो तांब्या असतो.

मला तेव्हा फक्त भूक लागली होती. आता गुडघे टेकून ओसरी पुसताना वाटतं, ते पाणी इतकी वर्षं एकट्याने वाहून मामा किती दमले असतील.

"पुन्हा भरू?" मी बायकोला विचारलं.

"भरा. आणि यंदा बाबांच्या पानाजवळ ठेवा," ती म्हणाली. "आता त्या जवानाला पाजायची पाळी त्यांची."