कानावरची खाच

म्हाळूला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मेंढरू ओळखावं तर त्यानंच. मांजरसुंब्याच्या माळावर चार कळप एकमेकांत मिसळले तरी तो नुसता उभा राहून बघायचा आणि ज्याचं त्याला काढून द्यायचा. याच नजरेनं त्याला तरुणपणी पार बंगालकडच्या एका रेल्वेच्या शेडात नोकरी मिळवून दिली, आणि याच नजरेनं त्याचं वाटोळं केलं.

त्या शेडात गॅरट नावाची वाफेची इंजिनं होती. इतकी लांब, की वळणावर अडकू नयेत म्हणून तीन तुकड्यांत सांधलेली. पुढच्या चाकांवर पाण्याची टाकी, मागच्या चाकांवर कोळसा, आणि दोघांच्या मधे झोळीसारखा टांगलेला बॉयलर. त्यातही दोन प्रकार. म्हाळू त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. चाकं तेवढीच, धुराडं तसंच, रंग तोच काळा. फरक सगळा मधल्या पोटात. थोरलीचं पोट खोल आणि भारी. पण ते कळायला खाली वाकून रिव्हेटांच्या ओळी मोजाव्या लागत. बाबू लोक पाटी वाचायचे, पण काजळी पुसायचा त्यांना कंटाळा. म्हणून ते म्हाळूला हाक मारायचे. खाणीकडच्या जुन्या पुलावर फक्त धाकटी न्यायची असा सक्त हुकूम होता, त्यामुळं शेडात या अडाणी माणसाच्या शब्दाला मान होता.

रोज वाकून वाकून तोही कंटाळला आणि त्यानं घरची युक्ती काढली. मेंढीच्या कानाला जशी मालकाची खाच पाडतात, तशा प्रत्येक धाकटीच्या पुढच्या पायरीला त्यानं छिन्नीनं दोन खाचा पाडल्या. आता लांबूनच ओळख पटायची. साहेबानंही पाठ थोपटली. एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नाही की मेंढीचा कान मेंढीबरोबरच राहतो; इंजिनाचा पुढचा तुकडा मात्र दुरुस्तीला गेला की भलत्याच धडाला जोडून परत येतो.

धाकटा भाऊ बंकट, त्यालाही म्हाळूनं तिथंच कोळसा ओढायला लावून घेतलं होतं. एका सकाळी दुरुस्तीहून आलेलं इंजिन खाणीकडं निघालं. म्हाळूनं पायरीवरच्या दोन खाचा बघितल्या आणि न वाकताच सांगितलं, धाकटी हाय. ती थोरली होती. पूल खचला. बंकट त्याच इंजिनावर होता.

म्हाळू भावाची पेटी घेऊन गावी आला. पूल जुना होता, एवढंच त्यानं घरात सांगितलं. बंकटच्या बायकोला, ताराबाईला, त्यानं आपल्याच घरात ठेवून पुढं वीस वर्षं पोटाला कमी पडू दिलं नाही. पण खाचेबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुःखानं तोंड मिटलं असं तो स्वतःला समजावायचा. मला विचाराल तर ती भीती होती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आष्टीपासून इकडंपर्यंत माळ नुसता करपून गेला. मेंढपाळांच्या सहकारी सोसायटीनं छावणी उघडली. चेअरमन मोहनराव. बागायतदार माणूस, मेंढीला पुढून किती दात असतात हेही त्यांना ठाऊक नसेल, पण नियम करण्यात पटाईत. त्यांनी ठरवलं, मेंढरू मेलं की त्याचा कान कापून आणायचा, म्हाळूनं खाच बघून मालक सांगायचा, म्हणजे मेलेल्याच्या नावावर चारा जाणार नाही.

म्हाळूपुढं रोज टोपलीभर कान यायचे. तो नावं सांगायचा. त्याला जेवण जायचं नाही.

एके दुपारी टोपलीत ताराबाईच्या खाचेचा कान निघाला. तिची आठच मेंढरं उरली होती. ती तिथंच उभी होती. म्हणाली, माझी सगळी सकाळी धडधाकट होती, हा कान माझा न्हाई. मोहनरावांनी म्हाळूकडं बघितलं. म्हाळूनं कान हातात घेतला आणि परत टोपलीत ठेवला.

“नुसत्या कानावरून मी न्हाई सांगणार,” तो म्हणाला.

“कावून?” ताराबाईनं विचारलं.

त्या एका शब्दानं बांध फुटला. म्हाळूनं सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. खाचा, दुरुस्ती, पूल. मी वाकलो न्हाई, हे त्यानं तीनदा सांगितलं. मोहनरावांना काही उमगेना, ते आपले उन्हाकडं बघत राहिले.

बंकट शेवटच्या रजेत परत जायला तयार नव्हता. तिथं भाऊ एकटा हाय म्हणून ताराबाईनंच त्याला धाडलं होतं. महिन्याभरात तो वारला, आणि गावानं तिला पांढऱ्या पायाची ठरवलं.

“भावजी,” ती म्हणाली, “सासूबाई मरंपातूर मला पांढऱ्या पायाची म्हणल्या. तुमी वसरीवर बसून ऐकत होता. मलाबी तेच खरं वाटलं वो. पार आजपातूर.”



तिनं टोपलीतला कान उचलला आणि ती दावणीकडं गेली. मेलेलं मेंढरू पालाखाली पडलं होतं. तिनं खाली वाकून त्याचं पोट बघितलं, पाय बघितले, कापलेल्या जागी कान लावून बघितला. परत आली तेव्हा तिचा आवाज साधाच होता.

“माझंच हाय. लिवा,” ती मोहनरावांना म्हणाली.

त्यानंतरही ती म्हाळूच्याच घरात राहिली, त्याला भाकरी वाढत राहिली. पण भावजी म्हणून तिनं त्याला पुन्हा कधी हाक मारली नाही.