जाड आवाजावरचं बटण

"जाड आवाज लावा, सायेब. बारीक आवाज लई खोटं बोलतो."

सकाळी मशीन हातात घेतलं की अण्णा हे म्हणायचेच. कानांवर काळे हेडफोन चढवायचे, तबकडी फावड्यावर धरायची आणि डोळे मिटून बटण डावीकडे टोकापर्यंत फिरवायचं. डावीकडे भुंग्यासारखी घूं, उजवीकडे डासासारखी पिणपिण. एरवी मशीन गप्प. भुईत लोखंड किंवा पितळ आलं की तेवढं बोलायचं. एकदा आवाज लावला की दिवसभर बटणाला हात नाही. मग मान कलती करून, एकेक पाऊल टाकत असे चालायचे की बघणाऱ्यानंही श्वास धरावा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बेळगाव-निपाणी रस्त्यावरच्या एका गावात, पाण्याच्या कचेरीत मी ओव्हरसियर म्हणून नवाच लागलो होतो. अण्णा पलटणीतून आलेले. तिथं ते सुरुंग शोधायचे, इथं नळाच्या चाव्या. चावी म्हणजे रस्त्याखाली पुरलेला व्हॉल्व्ह. रस्त्यावर नवं डांबर पडलं की चाव्या गडप, आणि मग बोलवा अण्णांना! नोकरी मात्र हंगामीच. "औंदा पर्मनंट करतो म्हणलेत सायेब," हे ते दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी त्यांचा त्यावर विश्वास असायचा.

कामावर येताना कमरेला पट्टा नाही, सुतळी. पायात कॅनव्हासचे बूट, कारण चपलेला खिळे असतात. आणि नळावरच्या बायकांशी भांडण ठरलेलं.

"घागरी मागं घ्या गं आक्का! पितळंनं मशीन भुलतंय!"

"आणि आमचा नंबर गेला म्हंजे?"

"जातोय कुठं? ही घ्या." असं म्हणून डोक्यावरची टोपी काढून पहिल्या नंबरच्या जागी ठेवायचे. चावी सापडेपर्यंत ती टोपी रांगेत उभी! एकीनंही कधी ती ओलांडली नाही.

मी तेव्हा मोठा दीडशहाणा. डिप्लोमाची शाई वाळली नव्हती. मशीनबरोबर आलेलं पुस्तक मी पाठ केलं होतं आणि त्यात बारीक आवाज लावा असं स्वच्छ छापलं होतं. एकदा सगळ्यांदेखत मी ते त्यांना वाचून दाखवलं.

"व्हय," अण्णा म्हणाले, "पर पुस्तक लिवणारा कवा चावी हुडकाय आलता काय?"

खोदणारे गडी खो खो हसले. मला ते फार झोंबलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

मग तो बाजारचा दिवस आला. पेठेत मोठी पाइप फुटली आणि पाणी धान्याच्या दुकानात शिरलं. चावी बंद केल्याशिवाय ते थांबणार नव्हतं, आणि चावी डांबराखाली. रस्त्यात बैलगाड्या उभ्या होत्या. चाकांच्या लोखंडी धावांनी मशीन बोंबलेल म्हणून अण्णा गाड्या हलवायला गेले. मशीन माझ्या हातात होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि बटण उजवीकडे फिरवून टाकलं. म्हटलं, आता चावी चटकन सापडेल, मग सांगतो यांना पुस्तक काय असतं ते!

अण्णा आले आणि चालू लागले. एक फेरी, दोन, तीन. काही नाही. मी चक्रावलो. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि दुकानदार कपाळ बडवत होता. शेवटी मोठे साहेब आले, कन्नडमध्ये खूप ओरडले आणि सरळ रस्ता उखडायला लावला. चावी सापडली ती अण्णा तीनदा जिथून चालले होते तिथंच. तोवर दुकानातली निम्मी ज्वारी भिजली होती.

"मशीन लावलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मीच, सायेब."

मी तिथंच उभा होतो, हाताच्या अंतरावर. मी भिजलेली पोती मोजायला लागलो. मी प्रोबेशनवर होतो.

साहेबांनी अण्णांना कान तपासायला बेळगावला धाडलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की पलटणीतल्या स्फोटांच्या आवाजानं दोन्ही कान अधू झालेत, बारीक आवाज मुळीच ऐकू येत नाहीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं माणूस जाड आवाजावर निभावून नेत होता! त्या वर्षी त्यांच्या पर्मनंटचा कागद खरोखरच तयार होता. तो फाडला गेला. अण्णांनी मशीन पुसून माझ्या स्वाधीन केलं आणि ट्रंक घेऊन ते गावी गेले.

दोन वर्षं मी ते पोटात ठेवलं. मग राहवेना, तेव्हा एका रविवारी जांबोटीला उतरून त्यांच्या गावापर्यंत चालत गेलो. अण्णा परड्यात पाठमोरे बसून कुंपण बांधत होते.

"अण्णा!" मी हाक मारली. पुन्हा मारली. ते ढिम्म.

उंबऱ्यातून सहा-सात वर्षांची नात आली. "असं न्हाय ओ काका, जाड बोलायचं," म्हणाली. हनुवटी छातीला लावून तिनं एखाद्या बाप्यासारखा घोगरा आवाज काढला, "आज्जाऽऽ!"

अण्णा वळले. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला! मला मात्र धीर नव्हता. बसल्या बसल्या मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी बटण मी फिरवलं होतं."

"आं?"

माझा आवाज पार बारीक निघाला होता. मी पोरीसारखी हनुवटी खाली घेतली आणि घोगऱ्या आवाजात, अख्ख्या परड्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "बटण मी फिरवलं होतं!"

"ठाऊक हाय की," अण्णा म्हणाले. "मशीन पुसताना बघितलंतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी हातातली काटकी कुंपणात खोचली. "तुमची बी नोकरी कच्चीच हुती, सायेब. एका चावीपायी दोघांनी कशाला घरी बसायचं?"

मला रडू आवरेना. अण्णा उठले आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला.

"हात धुवा," म्हणाले. "भात निवतोय."